पावसाचा टायर आणि हिवाळ्याचा टायर: दोन वेगळे प्रश्न

हवामान बदलू लागले की टायर विकत घेणाऱ्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. समोर काळी, गोल आणि दिसायला जवळजवळ सारखीच चाके मांडलेली असतात. त्यांच्या कडांवर डोंगर, हिमकण, बाण, अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. आणि ‘हा सगळ्या ऋतूंत चालतो’ असे सांगून विकणारा मोकळा होतो. ग्राहक मग नक्षीकडे पाहतो, जी जास्त खोल आणि रांगडी दिसते ती जास्त पकड देणार असे मनाशी ठरवतो आणि पैसे मोजतो. मीही बरीच वर्षे असेच करत आलो. हा अंदाज कधी बरोबर येतो, पण पुष्कळदा चुकतो. ओला रस्ता आणि हिवाळी रस्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि टायरमधला जो गुण एका प्रश्नाला उपयोगी पडतो तो दुसऱ्याला अनेकदा मारक ठरतो. हा झगडा कुठे आहे ते एकदा समजले की कडेवरची चिन्हे वाचणे अवघड राहत नाही.

सारा भार पंजाएवढ्या जागेवर

मोटारीचा टायर केवढाही मोठा दिसला तरी रस्त्याला टेकणारी त्याची जागा साधारणपणे प्रौढ माणसाच्या पंजाएवढीच असते. दीड टनाची गाडी अशा चार पंजांवर उभी असते आणि वेग घेणे, वळणे, थांबणे या साऱ्या क्रिया त्या चार पंजांमधूनच रस्त्यापर्यंत पोहोचतात. ब्रेक थांबवतो ते चाकाला. गाडीला थांबवतो तो टायर. त्यामुळे ब्रेक कितीही उत्तम असले तरी टायर आणि रस्ता यांच्यातली पकड जेवढी असेल त्यापलीकडे ते काही करू शकत नाहीत.

ही पकड ज्या आकड्याने मोजतात त्याला घर्षणगुणांक म्हणतात. गाडीच्या वजनाच्या किती पट जोर टायर रस्त्यावर आडवा लावू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. कोरड्या डांबरावर हा आकडा ०.८ च्या आसपास धरता येतो, ओल्या रस्त्यावर ०.५, दाबल्या गेलेल्या हिमावर ०.२ आणि गोठलेल्या बर्फावर ०.१. टायर आणि रस्ता बदलला की हे आकडे वरखाली होतात, पण हिशेबासाठी पुरेसे आहेत. ताशी ५० कि.मी. वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्यावर सुमारे १२ मीटरमध्ये थांबेल, ओल्यावर २० मीटरमध्ये, हिमावर ४९ आणि बर्फावर ९८ मीटरमध्ये. वेग दुप्पट झाला की ही अंतरे दुप्पट नव्हे, चौपट होतात. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही.

टायर बदलून बर्फाचे डांबर करता येत नाही. पण हिमावरचा ०.२ हा आकडा ०.३ वर नेता आला तर ४९ मीटर ३३ वर येतात, आणि हे १६ मीटर म्हणजे तीन-चार गाड्यांची लांबी आहे.

खोडरबर थंडीत आखडतो, टायरही आखडतो

शाळेतला जुना, कडक झालेला खोडरबर आठवून पाहावा. कागदावर तो नुसता घसरतो आणि पेन्सिलची रेघ पुसण्याऐवजी फासतो. मऊ खोडरबर मात्र कागदाच्या बारीक खडबडीतपणात शिरतो आणि पकडून पुसतो. टायर आणि डांबर यांच्यातही असेच चालते. खडीच्या प्रत्येक दाण्यावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात. रबर त्यांत क्षणभर शिरते, त्यांच्याभोवती वाकते आणि सुटते. या शिरण्या-सुटण्यात जी ऊर्जा खर्च होते तीच पकड.

रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या. ऊब असते तोवर त्या सळसळत असतात म्हणून रबर लवचीक राहते. थंडी वाढली की त्यांची हालचाल मंदावते, आणि एका ठरावीक तापमानाखाली रबर काचेसारखे कडक व ठिसूळ होते. या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबरासाठी ते शून्याखाली सुमारे ७० अंश सेल्सिअस असते, म्हणजे रस्त्यावरच्या नेहमीच्या थंडीत ते गाठले जाण्याची भीती नाही. पण टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर कृत्रिम रबर, काजळी, सिलिका आणि तेले मिसळलेली असतात. या मिश्रणाचे काचसंक्रमण तापमान बरेच वर असते, आणि रबर आखडायला त्याच्या पुष्कळ आधीच सुरुवात होते.

गंमत अशी की ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी हे तापमान फार खाली असून चालत नाही. ओल्यावर चांगले धरणारे रबर थोडे ‘सुस्त’ असावे लागते, म्हणजे दाबल्यावर लगेच उसळून परत न येता ऊर्जा पोटात घेणारे. अशा मिश्रणाचे काचसंक्रमण तापमान वर असते आणि त्यामुळे ते थंडीत लवकर कडक होते. उलट, कडाक्याच्या थंडीतही मऊ राहणारे रबर उबदार ओल्या रस्त्यावर जास्त चपळपणे उसळते आणि पकडीत कमी पडते. सुरुवातीला म्हटलेला झगडा तो हाच. टायर बनवणाऱ्यांनी तो बराच सौम्य केला आहे, पण तो मिटलेला नाही. सौम्य होण्याचे एक मोठे कारण सिलिका, म्हणजे वाळूतल्याच द्रव्यापासून केलेली अतिशय बारीक पूड. मिशेलिन कंपनीने १९९२ च्या सुमारास काजळीचा बराच भाग काढून त्या जागी सिलिका घातलेले टायर बाजारात आणले. ते कमी इंधनात चालतात आणि ओल्यावरही चांगले धरतात हे दिसल्यावर ही पद्धत सर्वत्र रुळली.

हिवाळी टायरच्या चर्चेत ७ अंश सेल्सिअस हा आकडा हमखास येतो. त्याखाली तापमान गेले की साधे टायर काम करायचे थांबतात, असे त्यातून सूचित केले जाते. हा एक ढोबळ नियम आहे; बटण दाबल्यासारखे ७ अंशांवर काहीही घडत नाही. थंड पण कोरड्या डांबरावर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही बऱ्यापैकी थांबतो. तरीही नियम उपयोगी आहे, कारण दिवसा ७ अंश असलेल्या ठिकाणी पहाटे पुलावर किंवा सावलीच्या वळणावर पाणी गोठलेले असू शकते, आणि टायर त्या जागेसाठी निवडायचा असतो.

पाणी बाहेर काढण्याची शर्यत

आता पावसाकडे वळू. पाण्यावर सपाट दगड तिरपा फेकला की तो न बुडता टप्पे घेत जातो, कारण त्याच्याखालून पाण्याला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. टायरच्या बाबतीत असे झाले तर त्याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात; आपण सरळ तरंगणे म्हणू. टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याची पाचर शिरते, चाक रस्त्यापासून सुटते आणि स्टिअरिंग अचानक हलके लागते. त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरतीच उरतात.

हे टाळण्यासाठी टायरला किती पाणी हलवावे लागते याचा हिशेब वहीवर करता येतो. टायर २०० मि.मी. रुंद, रस्त्यावर ३ मि.मी. पाणी आणि वेग ताशी ८० कि.मी. धरला, तर दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी वाटेतून दूर व्हायला हवे. एक बादली जवळजवळ एका सेकंदात रिकामी व्हावी तसे हे आहे, आणि तेही प्रत्येक पुढच्या चाकापाशी. काही पाणी बाजूला उडते, उरलेले नक्षीतल्या खाचांमध्ये शिरून बाहेर वाहते. रुंद उभ्या खाचा या कामाच्या मुख्य नाल्या, आणि तिरप्या खाचा त्यांना येऊन मिळणाऱ्या उपनाल्या. नाल्या उथळ झाल्या की पाणी तुंबते.

नव्या कारच्या टायरमध्ये खाचा साधारण ८ मि.मी. खोल असतात. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मि.मी. आहे, आणि खाचांच्या तळाशी याच उंचीचे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. पण कायद्याची मर्यादा आणि शहाणपणाची मर्यादा यांत अंतर आहे. कोरड्या रस्त्यावर झिजलेला टायर काही बिघडला असे जाणवू देत नाही, आणि इथेच माणूस फसतो. खाच ३ मि.मी.च्या खाली गेली की मुसळधार पावसात पाणी वाहून नेण्याची क्षमता झपाट्याने घटते, म्हणून पावसाळी प्रदेशात ३ मि.मी. हाच बदलण्याचा आकडा धरावा असे मला वाटते. विक्रीपूर्व चाचण्या नव्या टायरवरच घेतल्या जात असल्याने ही बाब कागदावर अनेक वर्षे झाकलेली राहिली. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून कारच्या टायरच्या नव्या प्रकारांना मान्यता देताना झिजलेल्या टायरची ओल्यावरची पकडही तपासायला सुरुवात केली आहे.

खोलीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे आतली हवा, आणि तिचा संबंध फार थोड्यांना ठाऊक असतो. अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या चाकांचा अभ्यास करताना वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये एक साधे सूत्र मांडले: टायर तरंगू लागण्याचा वेग आतल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दाब किलोपास्कलमध्ये घेतला तर त्याच्या वर्गमुळाला सुमारे ६.३५ ने गुणले की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. २२० किलोपास्कल, म्हणजे पंपावरचे ३२ पीएसआय, या दाबाला ताशी ९४ कि.मी. येतात, हवा उतरून १६० वर, म्हणजे २३ पीएसआयवर आली तर ताशी ८० कि.मी. हे सूत्र विमानाच्या टायरवरून आणि खाचांना न पेलणाऱ्या खोल पाण्यासाठी निघालेले आहे, त्यामुळे कारच्या बाबतीत त्यातून नेमका आकडा न घेता दिशा घ्यायची. दिशा स्पष्ट आहे: हवा कमी म्हणजे तरंगण्याचा वेग कमी. टायरमध्ये दाब जास्त असला की तो पाण्यावर जास्त जोराने दाबतो आणि त्याला बाजूला सारतो.

यावरून आणखी एक गैरसमज सुटतो. रुंद टायर म्हणजे जास्त रबर, म्हणून पावसात जास्त पकड, असे मानले जाते. कोरड्यावर त्यात तथ्य असेल. खोल पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी सारावे लागते आणि तो लवकर तरंगतो. गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप पाऊस आणि चिखलमिश्रित हिम या दोन्हींसाठी बहुधा सरस ठरते. ते दिसायला तितके रुबाबदार नसते, एवढाच त्याचा दोष.

हिम वेगळे, बर्फ वेगळा

बोलताना आपण दोन्हींना बर्फच म्हणतो, पण टायरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हिम म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत थर. बर्फ म्हणजे रस्त्यावरचेच पाणी गोठून झालेला काचेसारखा थर.

भुसभुशीत हिम मुठीत दाबले की त्याचा घट्ट गोळा होतो. हिवाळी टायर हेच करतो. त्याच्या खाचा रस्त्यावरचे हिम दाबून आत भरतात आणि तो दाबलेला गोळा खालच्या हिमाला धरतो. हिमाला हिम चांगले चिकटते, त्यामुळे खाचांमध्ये हिम अडकलेले दिसले तर टायर निकामी झाला असे समजू नये. तो आपले कामच करत असतो. मात्र त्यासाठी खाचांना खोली हवी. म्हणूनच ऑस्ट्रियात हिवाळी टायर म्हणून गणला जाण्यासाठी रेडियल, म्हणजे आजच्या कारच्या नेहमीच्या बांधणीच्या, टायरमध्ये किमान ४ मि.मी. खोली लागते, त्याखाली गेला की तो कायद्याच्या नजरेत हिवाळी राहत नाही.

बर्फाचे गणित निराळे. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ पदर तयार होतो आणि टायर त्या पदरावर घसरतो. हा पदर शून्य अंशाच्या आसपास सर्वांत जास्त असतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतला बर्फ परवडला, पण वितळू लागलेला बर्फ नको, असे थंड प्रदेशातले चालक म्हणतात ते अगदी खरे आहे. त्या पदरासाठी हिवाळी टायरच्या ठोकळ्यांवर, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या उंचवट्यांवर, ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. ठोकळा रस्त्याला टेकला की चिरा किंचित उघडतात, टीपकागदासारखे पाणी शोषतात आणि त्यांच्या कडा बर्फाला ओरखडतात. अशा चिरांचे पेटंट जॉन साइप यांना अमेरिकेत १९२३ मध्ये मिळाले; त्यांच्याच आडनावावरून इंग्रजीत या चिरांना साइप म्हणतात. खास हिवाळ्यासाठी बनवलेला टायर फिनलंडमधल्या कारखान्यातून १९३४ मध्ये बाहेर पडला, तो मालट्रकसाठी होता. कारसाठीचा हक्कापेलिट्टा दोन वर्षांनी, १९३६ मध्ये आला आणि ते नाव आजही चालू आहे.

बर्फावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे टायरमध्ये ठोकलेल्या धातूच्या खिळ्या. पण त्या डांबर कुरतडतात, आवाज करतात आणि उघड्या रस्त्यावर पकड कमी करतात. कुरतडलेल्या रस्त्याची धूळ हवेत मिसळते म्हणून जपानने १९९० मध्ये खास कायदा करून खिळ्यांच्या टायरवर निर्बंध आणले. जर्मनीतही सर्वसाधारण वाहनांना त्यांची मनाई आहे, तर उत्तर युरोपात ठरावीक महिन्यांत ते वापरता येतात.

कडेवरच्या खुणा कशा वाचाव्यात

टायरच्या कडेवर एम आणि एस ही अक्षरे असतात, ती चिखल आणि हिम या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. ती पाहून अनेकांना टायर हिवाळी वाटतो. खरे तर ही खूण नक्षीच्या ठेवणीबद्दल निर्मात्याने केलेले विधान आहे. ती मिळवण्यासाठी हिमावर चाचणी द्यावी लागत नाही. विकणारा ‘सर्व ऋतूंचा’ म्हणतो त्या टायरपैकी अनेकांवर एवढीच खूण असते.

चाचणी देऊन मिळणारी खूण वेगळी: तीन शिखरांच्या डोंगरात एक हिमकण. ठरवून दिलेल्या एका संदर्भ-टायरपेक्षा हिमावर निश्चित प्रमाणात जास्त पकड दाखवली तरच ती कोरता येते. जर्मनीने या दोन खुणांमधला फरक कायद्यातच आणला: तिथे हिवाळी परिस्थितीत गाडी चालवायची असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाची खूणच ग्राह्य आहे, केवळ एम आणि एस पुरेसे नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदलेल्या गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि तिथेही ही खूण किंवा खिळे लागतात.

पण या खुणेलाही मर्यादा आहे. ती हिमाबद्दल बोलते, गोठलेल्या बर्फाबद्दल बोलत नाही. त्यासाठी युरोपीय संघाच्या टायरपत्रकावर मे २०२१ पासून बर्फाच्या सुळक्याचे वेगळे चिन्ह आले आहे. त्याच पत्रकावर ओल्या रस्त्यावरची पकड ए (सर्वोत्तम) ते ई अशा श्रेणींत दिलेली असते. पावसासाठी टायर घेणाऱ्याने सर्वांत आधी ही श्रेणी पाहावी. मात्र ती चाचणी पाण्याच्या पातळ थरावर ब्रेक मारून घेतलेली असते. साचलेल्या पाण्यात टायर कधी तरंगेल हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी खाचांची खोली, रुंदी आणि हवेचा दाब यांच्याकडेच परत यावे लागते.

मग घ्यावा कोणता?

जिथे पाऊस भरपूर पण तापमान शून्याच्या जवळ कधी जात नाही, तिथे हिवाळी टायरचा विचार करूच नये. उबेत हिवाळी टायरचे मऊ, चिरांनी भरलेले ठोकळे कोरड्या-ओल्या दोन्ही रस्त्यांवर डुलतात, थांबायला जास्त अंतर घेतात आणि भराभर झिजतात. तिथे ओल्यावर वरची श्रेणी मिळवलेला, खोल उभ्या खाचांचा साधा टायरच सर्वांत सुरक्षित.

जिथे हिवाळा थंड आणि ओला असतो, हिम वर्षातून काही दिवसच पडते आणि रस्ते लवकर मोकळे केले जातात, तिथे डोंगर-हिमकणाची खूण असलेला सर्वऋतू टायर हा समंजस तोडगा आहे. तो कशातच पहिला येत नाही, पण कशातच दगा देत नाही. इथे खूण पाहणे अत्यावश्यक, कारण नाव तेच ठेवून खूण नसलेले टायर सर्रास विकले जातात.

जिथे महिनोन्‌महिने हिम असते तिथे चार हिवाळी टायरांना पर्याय नाही. पण त्यांतही दोन घराणी आहेत आणि हा भेद दुकानात क्वचितच सांगितला जातो. मध्य युरोपसाठी बनवलेला हिवाळी टायर थंड, ओल्या, चिखलाळ महामार्गावर वेगाने धावण्यासाठी असतो. उत्तर युरोपसाठी बनवलेला बिनखिळ्यांचा टायर त्याहून बराच मऊ असतो आणि बर्फावर उत्तम चालतो, पण शून्याच्या वरच्या तापमानात ओल्या रस्त्यावर तो कमी पडतो. दोघांवरही डोंगर-हिमकण असतो. त्यामुळे आपल्या हिवाळ्यात जास्त दिवस रस्ता पांढरा असतो की काळा आणि ओला, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

‘माझ्या गाडीची चारही चाके ओढतात, मला काय गरज?’

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला तर गाडी हिमातून सहज निघते, हे खरे. पण थांबताना इंजिनाचा काही संबंध उरत नाही. ब्रेक तर प्रत्येकच गाडीत चारही चाकांना असतात. उलट अशी गाडी सहज वेग घेते म्हणून रस्ता निसरडा असल्याची सूचनाच चालकाला उशिरा मिळते. ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणासुद्धा असलेली पकड नीट वापरते. नसलेली पकड निर्माण करत नाही.

‘दोनच बदलले तर भागणार नाही का?’

ओढणाऱ्या पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर घालून मागचे साधे ठेवणे ही सर्वांत धोक्याची काटकसर. पुढची बाजू धरते, मागची सुटते आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. पावसातही हेच तत्त्व लागू पडते: दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरीही. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, चालकाला ते जाणवते आणि तो पाय काढून घेऊ शकतो. मागची सुटली तर सावरण्याइतका वेळ बहुतेकांना मिळत नाही.

‘हवा थोडी कमी केली की टायर जास्त टेकतो ना?’

वाळूत आणि खोल चिखलात, अगदी कमी वेगात, हे उपयोगी पडते. तिथूनच हा सल्ला रस्त्यावर आला असावा. पाण्यावर तो किती उलटा पडतो ते वरच्या सूत्रात दिसलेच. शिवाय थंडी न विचारताच हवा कमी करत असते: तापमान २० अंशांनी उतरले की दाब सुमारे ३ पीएसआयने घटतो. म्हणून ऋतू बदलताना हवा पुन्हा मोजावी, टायर थंड असताना मोजावी आणि चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा इंधनटाकीच्या झाकणामागे लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. टायरच्या कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा दाब नव्हे.

‘नक्षी तर नव्यासारखी आहे!’

फार न चाललेल्या गाडीबद्दल हे बरेचदा ऐकू येते. पण रबर न झिजताही म्हातारे होते. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन त्याला हळूहळू कडक करतात, आणि हिवाळी टायरचा सारा भरवसा तर त्याच्या मऊपणावर. टायरचे वय कडेवरच्या डीओटी या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. विकत घेताना हे आकडे वाचायला संकोच करू नये.

बसवून घेताना

माप, भार आणि वेग यांचे अंक गाडीच्या कागदपत्रांशी जुळवून घ्यावेत. भाराचा अंक मूळपेक्षा कमी कधीही चालत नाही. वेगाच्या बाबतीत हिवाळी टायरला युरोपात सवलत आहे; गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी श्रेणीचा टायर चालतो, मात्र ती मर्यादा चालकाला समोर दिसेल अशी चिकटपट्टी लावावी लागते. काही टायरच्या कडेवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. असा टायर उलटा बसवला तर तिरप्या खाचा पाणी बाहेर फेकण्याऐवजी मधोमध ढकलतात, आणि घाईच्या दिवसांत ही चूक कारागिरांकडूनही होते, म्हणून गाडी घेण्यापूर्वी चारही बाण स्वतः पाहावेत.

काढलेले टायर धुऊन, वाळवून, ऊन न लागणाऱ्या थंड जागी ठेवावेत आणि कोणता टायर कोणत्या चाकाचा हे खडूने लिहून ठेवावे. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा निसरडा अंश असतो, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर ओल्यावर सांभाळून चालवावे. चाके बदलल्यानंतर ५० ते १०० कि.मी. झाले की नट ठरलेल्या जोराने पुन्हा आवळून घ्यावेत.